बलांची बेरीज, बाणांनी आणि आकड्यांनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदिशांचा, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा, धडा सुरू झाला की दर वर्षी तेच प्रश्न येतात, आणि वह्या तपासताना चुकाही त्याच त्या सापडतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माझं एक हट्टी मत आधीच सांगून टाकतो: गणित कॅल्क्युलेटरवर करणार असाल तरी आधी कागदावर बाण काढा. वेडेवाकडे चालतील. पुढे बऱ्याच उत्तरांत हा हट्ट डोकावेल.

३ न्यूटन आणि ४ न्यूटन मिळून ७ न्यूटन का होत नाहीत?

होतात की! पण दोन्ही बलं एकाच दिशेने लागली तरच. समोरासमोर लागली तर उरतं १ न्यूटन. काटकोनात लागली तर ५ न्यूटन. मधल्या कुठल्याही कोनाला उत्तर १ आणि ७ यांच्या मधे कुठेतरी येतं. वस्तुमानाचं असं होत नाही, ३ किलो आणि ४ किलो नेहमी ७ किलोच. कारण वस्तुमानाला दिशा नसते.

यातून एक फुकटची तपासणी मिळते. दोन बलांची बेरीज त्यांच्या साध्या बेरजेपेक्षा मोठी आणि साध्या वजाबाकीपेक्षा लहान कधीच येत नाही. ७ आणि १० न्यूटनच्या बलांचं उत्तर १९ किंवा २ आलं असेल तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.

बाण म्हणजेच सदिश का?

नाही, बाण हे सदिशाचं चित्र. लांबी परिमाण दाखवते, टोक दिशा दाखवतं. कागदावर ५ सेंटिमीटरचा बाण म्हणजे ५ न्यूटन की ५० न्यूटन, हे तुम्ही धरलेल्या प्रमाणावर ठरतं. म्हणून आकृतीच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचंच. प्रमाण नसलेल्या आकृतीतून दिशा कळते, पण बल किती ते कळायला मार्ग नसतो.

आलेखी पद्धतीने बेरीज करताना नक्की काय काय करायचं?

एक उदाहरण धरू. एका कडीला दोन दोऱ्या बांधल्या आहेत. पहिली ५० न्यूटनने उजवीकडे, आडव्या रेषेत ओढते. दुसरी ४० न्यूटनने, पहिलीशी ६०° कोन करून वरच्या बाजूला ओढते.

प्रमाण ठरवा: १ सेंटिमीटर म्हणजे १० न्यूटन. कागद मोठा असेल तर १ सेंटिमीटरला ५ न्यूटन धरा, बाण दुप्पट लांब होतील आणि मोजण्यातली चूक निम्मी होईल. पेन्सिलीला बारीक टोक करा. जाड टोकाची रेघ सहज अर्धा मिलिमीटर खाते.

आता एक बिंदू घ्या आणि त्यातून उजवीकडे ५ सेंटिमीटरची रेघ ओढून शेवटी बाणाचं टोक काढा. दुसरा बाण या टोकापासून सुरू करायचा, पहिल्या बिंदूपासून नाही. टोकाला कोनमापकाचा मध्यबिंदू लावा, ६०° वर खूण करा, त्या दिशेने ४ सेंटिमीटर जा. शेवटी पहिल्या बाणाच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढा. हेच परिणामी बल. मोजपट्टीने मोजलंत तर ७.८ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे ७८ न्यूटन. पहिल्या बाणाशी त्याचा कोन सुमारे २६° येईल.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बऱ्याच प्लॅस्टिकच्या कोनमापकांत खालची कड आणि ०° ची रेघ एक नसते, रेघ कडेच्या काही मिलिमीटर वर असते. रेघ जुळवायची, कड नाही. दुसरं म्हणजे कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून वाढणारी. शिकत असताना प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी ६०° ऐवजी दुसऱ्या ओळीतला ६० वाचला, म्हणजे प्रत्यक्षात १२०° चा कोन काढला. उत्तर आलं जवळपास ४६ न्यूटन. ते ‘१० ते ९०’ या हद्दीत बसत होतं, म्हणून शंकाही आली नाही. कोन लघुकोन असताना बेरीज मोठ्या बलापेक्षा लहान कशी, एवढं एकदा स्वतःला विचारलं असतं तरी चूक तिथेच सापडली असती.

त्रिकोणाचा नियम आणि समांतरभुज चौकोनाचा नियम, यात फरक काय?

काहीच नाही. दोन्ही बाण एकाच बिंदूपासून काढून समांतरभुज चौकोन पुरा केला आणि त्या बिंदूतून जाणारा कर्ण घेतला, तर तो चौकोनाचा नियम. टोकाला शेपूट जोडली तर त्रिकोणाचा. चौकोनाचा अर्धा भाग म्हणजे तोच त्रिकोण. चौकोनाच्या आकृतीत बलं खरोखर एका जागी लागलेली दिसतात, त्रिकोणाच्या आकृतीत रेघा कमी लागतात. तीन किंवा जास्त बलं असली की मी चौकोनाच्या वाटेला जात नाही. बाणामागून बाण जोडत जायचं, शेवटी पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत रेघ.

एक चूक मात्र सांभाळा. चौकोनात दोन कर्ण असतात, आणि घाईत दुसराच काढला जातो. दोन्ही टोकांना जोडणारा तो कर्ण बेरीज दाखवत नाही, वजाबाकी दाखवतो.

बाण उचलून दुसरीकडे कसा काय नेता येतो? बल तर तिथे लागलेलंच नाही.

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आवडतो. बाकीचे निमूटपणे बाण सरकवतात.

बेरीज करताना आपण फक्त दोनच गोष्टी विचारात घेतो, किती आणि कुठल्या दिशेने. बाण स्वतःशी समांतर सरकवला तर दोन्ही तशाच राहतात, म्हणून बेरीज बदलत नाही. ही आकृती म्हणजे हिशेबाचा कागद. वस्तूवर कुठे काय लागलंय त्याचं चित्र वेगळं काढायचं, ते म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅम. तिथे बाण हलवायचे नाहीत.

आणि शंका रास्तही आहे, कारण बल कुठे लागतं यानेही फरक पडतो. टेबलावर एक लांब पट्टी ठेवा. एका टोकाला ती तुमच्यापासून दूर ढकला आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच बलाने स्वतःकडे ओढा. बेरीज शून्य, तरी पट्टी गरकन फिरते. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. पट्टीचा मध्य जागचा हलत नाही, एवढंच बेरीज सांगते. फिरण्याचा हिशेब आघूर्णाचा, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचा, तो धडा वेगळा. म्हणूनच सुरुवातीच्या गणितांत सगळी बलं एकाच बिंदूतून जाणारी दिलेली असतात.

बाण कुठल्या क्रमाने जोडायचे?

कुठल्याही. आकृतीचा आकार बदलेल, शेवटची रेघ तीच येईल. खात्री नसेल तर तीन बाणांवर दोन वेगळ्या क्रमांनी करून बघा.

घटक म्हणजे काय? एका बलाची दोन बलं कशी होतात?

बेरीज उलटी चालवली की घटक मिळतात. आडवं आणि उभं बल मिळून एक तिरकं बल होत असेल, तर त्या तिरक्या बलाच्या जागी ती दोन ठेवली तरी वस्तूला फरक कळणार नाही.

पण ‘च्या जागी’ हे शब्द महत्त्वाचे. घटक लिहिले की मूळ बल हिशेबातून बाद. मूळ बलही मोजायचं आणि घटकही मोजायचे, तर एकच बल दोनदा धरलं जातं. मी आकृतीत घटक काढले की मूळ बाणावर दोन आडव्या काट मारतो. ही सवय लावून घ्या, पुष्कळ गुण वाचतात.

घटक करण्याचा फायदा एवढाच की तिरक्या बाणांची बेरीज किचकट असते आणि एका रेषेतल्या बाणांची बेरीज म्हणजे साधं अधिक-उणे. सगळ्या तिरक्या बलांचे आडवे तुकडे एका रांगेत, उभे तुकडे दुसऱ्या रांगेत. दोन सोप्या बेरजा आणि शेवटी एक काटकोन त्रिकोण.

साइन कधी वापरायचा आणि कॉस कधी?

‘क्ष-घटकाला कॉस, य-घटकाला साइन’ असं पाठ करणाऱ्यांची गाडी उतारावर घसरते. ते पाठांतर कोन क्ष-अक्षापासून मोजला असेल तेव्हाच खरं असतं. गणितात कोन उभ्या रेषेपासून दिला की सगळं उलटतं.

बघायचं एवढंच की दिलेला कोन कुठल्या बाजूला खेटून आहे. बल हा त्रिकोणाचा कर्ण. कोनाच्या लगतच्या घटकाला कॉस, समोरच्या घटकाला साइन. १०० न्यूटनचं बल उभ्या रेषेशी २०° करत असेल तर उभा घटक १०० × कॉस २०° = ९४ न्यूटन आणि आडवा १०० × साइन २०° = ३४ न्यूटन. बाण जवळजवळ उभाच आहे, तेव्हा उभा घटक मोठा यायलाच हवा. आकृती काढली असेल तर ही तपासणी डोळ्यांनीच होते.

दिशांच्या नावांतही हाच सापळा आहे. ‘पूर्वेकडून उत्तरेकडे ३०°’ आणि ‘उत्तरेकडून पूर्वेकडे ३०°’ या दोन वेगळ्या दिशा. पहिली पूर्वेच्या जवळची, दुसरी उत्तरेच्या.

तीन बलांचं एक गणित पूर्ण सोडवून दाखवाल का?

दाखवतो. कोन सगळे धन क्ष-अक्षापासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजलेले.

पहिलं बल ६० न्यूटन, २०° ला.
दुसरं बल ४५ न्यूटन, १३५° ला.
तिसरं बल ३० न्यूटन, २५०° ला.

आधी कच्ची आकृती. पहिला बाण उजवीकडे, किंचित वर. त्याच्या टोकापासून दुसरा डावीकडे वर. तिसरा खाली, थोडासा डावीकडे. शेवटचं टोक सुरुवातीच्या बिंदूच्या उजवीकडे वर कुठेतरी राहतंय. म्हणजे उत्तर पहिल्या चरणात, ०° ते ९०° च्या मधे. हे लक्षात ठेवू.

क्ष-घटक:
६० × कॉस २०° = +५६.३८
४५ × कॉस १३५° = −३१.८२
३० × कॉस २५०° = −१०.२६
बेरीज = +१४.३०

य-घटक:
६० × साइन २०° = +२०.५२
४५ × साइन १३५° = +३१.८२
३० × साइन २५०° = −२८.१९
बेरीज = +२४.१५

परिणामी बल = √(१४.३०² + २४.१५²) = २८.१ न्यूटन. कोनाचा टॅन = २४.१५ ÷ १४.३० = १.६८९, म्हणून कोन सुमारे ५९.४°. पहिल्या चरणात, आकृतीने सांगितलं तसंच.

६०, ४५ आणि ३० ची तीन दांडगी बलं, आणि हाती उरलं २८! क्ष-रांगेत बघा, ५६ पैकी ४२ दुसऱ्या दोघांनीच खाल्ले. परिणामी बल सगळ्यात मोठ्या बलापेक्षा लहान आलं की काही जण घाबरून सगळं खोडतात. खोडू नका.

मधल्या पायऱ्यांत आकडे छाटू नका. दोन दशांश शेवटपर्यंत ठेवा आणि काय ती काटछाट उत्तरात करा.

कॅल्क्युलेटर कोन चुकीचा का देतो?

तीन कारणं, आणि पहिली दोन मी दर आठवड्याला बघतो.

पहिलं, तो रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) आहे, अंशांत नाही. साइन ३० दाबा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८ आलं तर रेडियन लागलंय. परीक्षेला बसल्यावर पहिलं काम हे.

दुसरं कारण जास्त फसवं. समजा क्ष-बेरीज −१२ आणि य-बेरीज +९ आली. परिणामी बल १५ न्यूटन, इथवर ठीक. कोनासाठी ९ ÷ (−१२) = −०.७५ चा टॅन इन्व्हर्स घेतला की कॅल्क्युलेटर −३६.९° दाखवतो. म्हणजे उजवीकडे खाली. पण आपलं बल तर डावीकडे वर आहे! बिचाऱ्या कॅल्क्युलेटरला भागाकार तेवढा दिसतो, उणे चिन्ह वरच्या आकड्याचं होतं की खालच्या, हे त्याला कळायला मार्ग नाही. खरा कोन −३६.९° + १८०° = १४३.१°. दोन्ही बेरजा ऋण असतील तर आणखी गंमत: −९ ÷ −१२ = +०.७५, कॅल्क्युलेटर ३६.९° म्हणतो आणि बल प्रत्यक्षात बरोबर उलट्या दिशेला, २१६.९° ला असतं.

नियम असा: क्ष-बेरीज ऋण असेल तर १८०° मिळवा. मी हा नियम उशिरा सांगतो, मुद्दामच. आधी आकृती बघून चरण सांगता आला पाहिजे.

तिसरं कारण म्हणजे भागाकारच उलटा केलेला असतो, क्ष भागिले य.

कोसाइन नियमात कधी अधिक चिन्ह असतं, कधी उणे. कुठलं खरं?

दोन्ही खरी, पण कोन वेगवेगळे आहेत. प आणि फ ही दोन बलं धरली तर बलांच्या सूत्रात, √(प² + फ² + २ × प × फ × कॉस कोन) यात, ‘अधिक २ × प × फ × कॉस’ असतं तेव्हा कोन हा दोन बलं एका बिंदूपासून काढल्यावर त्यांच्यामधला असतो. भूमितीतल्या सूत्रात ‘उणे’ असतं तेव्हा कोन त्रिकोणाच्या आतला. बाण टोकाला जोडल्यावर आतला कोन १८०° मधून मूळ कोन वजा करून मिळतो. वरच्या कडीच्या उदाहरणात बलांमधला कोन ६०° आणि त्रिकोणातला १२०°. कॉस ६०° = ०.५, कॉस १२०° = −०.५. उणे गुणिले उणे, अधिक. दोन्हीकडून √(२५०० + १६०० + २०००) = √६१०० = ७८.१ न्यूटनच येतं. मोजपट्टीने ७८ सांगितलं होतं.

हे सूत्र दोन बलांपुरतं छान. तीन बलांना ते दोनदा वापरावं लागतं आणि तेवढ्यात घटकांची पद्धत संपवून माणूस पाणी पिऊन येतो.

समतोल साधणारं बल आणि परिणामी बल एकच का?

परिमाण तेच, दिशा बरोबर उलटी. वरच्या तीन बलांचा तोल साधायला २८.१ न्यूटन २३९.४° ला लावावं लागेल. ते चौथा बाण म्हणून जोडलं तर टोक सुरुवातीच्या बिंदूवर येऊन आकृती बंद होते. आकृती बंद झाली म्हणजे निव्वळ बल शून्य.

३, ४ आणि ९ न्यूटनची तीन बलं एकमेकांचा तोल साधू शकतील का, असं विचारलं तर आकडेमोड करूच नका. ३ आणि ४ चे बाण कसेही ठेवा, ९ च्या बाणाच्या शेपटीपर्यंत पोचत नाहीत.

फ्री बॉडी डायग्रॅममध्ये परिणामी बलाचा बाण काढू नका. ते बल कोणी लावलेलं नसतं, ती लावलेल्या बलांची बेरीज आहे.

वाळत घालायची दोरी कितीही ताणली तरी मधे झुकतेच. असं का?

माझं आवडतं गणित. दोरीच्या बरोबर मध्यावर १०० न्यूटन वजनाची वस्तू टांगली आहे. दोरीचे दोन्ही भाग आडव्या रेषेशी सारखाच कोन करतात. प्रत्येक भागाचा ताण वर आणि बाजूला असा दुहेरी ओढतो. बाजूचे घटक एकमेकांना रद्द करतात, वजन पेलायला फक्त उभे घटक उरतात. म्हणून २ × ताण × साइन कोन = १००, म्हणजेच ताण = ५० ÷ साइन कोन.

आता कोन कमी करत जा. ३०° ला ताण १०० न्यूटन, वजनाइतकाच. १०° ला २८८ न्यूटन. ५° ला ५७४. १° ला २८६५ न्यूटन, वजनाच्या जवळपास २९ पट! कोन शून्याकडे नेला की साइन शून्याकडे जातो आणि ताण हाताबाहेर जातो. आडव्या दोरीला उभा घटकच नसतो, ती काहीच पेलू शकत नाही. दोरी आधी तुटेल, सरळ होणार नाही.

हेच उलटं वापरता येतं. चिखलात रुतलेली गाडी आणि समोरचा दणकट खांब यांच्यामधे दोर ताठ बांधायचा आणि मधोमध बाजूला ढकलायचा. दोर थोडा वाकतो, आणि ढकलण्याच्या कितीतरी पट बल गाडीला ओढतं. गाडी जरा हलली की दोर सैल पडतो, पुन्हा बांधावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

उतारावरच्या ठोकळ्याला तिरके अक्ष का घेतात?

कारण ठोकळा उताराच्या रेषेतच सरकू शकतो. एक अक्ष उताराला समांतर आणि दुसरा लंब घेतला की तिरकं बल बहुधा एकच उरतं, वजन. २० किलोचा ठोकळा, ३०° चा उतार: वजन २० × ९.८ = १९६ न्यूटन, उतारावरून खाली ओढणारा घटक १९६ × साइन ३०° = ९८, उताराला दाबणारा १९६ × कॉस ३०° = १७० न्यूटन. आडवे-उभे अक्ष घेतले तरी उत्तर तेच येईल, कागद जास्त लागेल.

साइन की कॉस यात गोंधळ झाला तर मनातल्या मनात उतार सपाट करा. कोन शून्य, खाली ओढणारा घटक शून्य व्हायला हवा. शून्याला शून्य होतो तो साइन.

पण बलं अशीच मिळवायची, हे खरं कशावरून?

निसर्ग तसा वागतो म्हणून, आणि ते तपासता येतं. एक कडी घ्या, तिला तीन ताणकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) अडकवा, खाली कागद ठेवा. तिघांनी असं ओढा की एक काटा ३ न्यूटन, दुसरा ४ आणि तिसरा ५ दाखवेल आणि कडी स्थिर राहील. दोऱ्यांच्या दिशा कागदावर आखून कोन मोजा. ३ आणि ४ च्या मधे ९०°, ३ आणि ५ च्या मधे सुमारे १२७°, ४ आणि ५ च्या मधे सुमारे १४३°. कडीला भूमिती कोणी शिकवलेली नसते.

इतिहासात हे दोन वाटांनी आलं. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये एक सुंदर विचारप्रयोग मांडला. एक पाचर घ्या, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सारख्या गोळ्यांची बंद माळ तिच्यावरून टाका. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, उरलेली माळ खाली दोन्ही बाजूंनी सारखी लोंबतेय. चार गोळे दोघांना ओढून घेतील? घेतलं तर माळ एक घर सरकते आणि मांडणी पुन्हा पहिल्यासारखीच होते, म्हणजे ती आपोआप अखंड फिरत राहायला हवी. ते अशक्य, तेव्हा माळ स्थिर. मग लांब उतारावरचा प्रत्येक गोळा आखूड उतारावरच्या गोळ्याच्या निम्म्यानेच ओढतो. आपण ज्याला वजनाचा उताराच्या दिशेचा घटक म्हणतो, तोच हा, साइनचं नावही न घेता काढलेला.

न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीच्या तीन नियमांनंतर पहिलंच उपप्रमेय याचं दिलं: दोन बलं एकेकटी लागली असता वस्तू ज्या वेळात समांतरभुज चौकोनाच्या बाजू कापते, त्याच वेळात दोन्ही मिळून तिला कर्णावरून नेतात.

माझं आलेखी उत्तर आणि गणिती उत्तर जुळत नाही. किती फरक चालेल?

१ सेंटिमीटर म्हणजे १० न्यूटन या प्रमाणात १ मिलिमीटरची चूक म्हणजे १ न्यूटन. कोन अर्ध्या अंशाने हुकला तर ८ सेंटिमीटरच्या बाणाचं टोक ०.७ मिलिमीटर सरकतं. तेव्हा ७८.१ च्या जागी ७७ किंवा ७९ आलं तर आकृती नीट काढली म्हणायची. ७० आलं तर पेन्सिलीला दोष देऊ नका, कुठला तरी कोन चुकलाय.

उलट, आकृतीतून ७८.१० असं दोन दशांशांपर्यंत हुबेहूब उत्तर लिहिणाऱ्याने आधी गणित सोडवून मग आकृती काढली, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

सदिशांची वजाबाकी बलांच्या गणितात कुठे लागते?

माहीत नसलेलं बल शोधताना. निव्वळ बल पूर्वेकडे १०० न्यूटन हवंय, एक जण उत्तरेकडे ६० न्यूटनने ओढतोय. दुसऱ्याने काय करावं? हव्या असलेल्या बलातून असलेलं वजा करायचं, म्हणजे उत्तरेकडचा बाण दक्षिणेकडे फिरवून मिळवायचा. पूर्वेकडे १००, दक्षिणेकडे ६०: ११६.६ न्यूटन, पूर्वेकडून दक्षिणेकडे ३१°.

तीन मितींत बाण कसे काढायचे?

कागदावर नीट काढता येत नाहीत, तिथे घटकच. तिसरी रांग वाढते, बाकी तेच. घटक २, ३ आणि ६ न्यूटन असतील तर बल √(४ + ९ + ३६) = ७ न्यूटन.

आमचा ताणकाटा ग्रॅम दाखवतो. न्यूटन हवेतच का?

दिशा आणि कोन शोधायचे असतील तर ग्रॅममध्येच बाण काढा, आकृतीचा आकार बदलत नाही. उत्तर मात्र न्यूटनमध्ये लिहा: १०० ग्रॅमला ०.९८ न्यूटन. आणि मोजायला लागण्याआधी काटा रिकामा असताना शून्यावर आहे का बघा. तो बऱ्याचदा नसतो.